मडक्याच्या झाडाला मच्छरदाणी

माझ्या घराच्या चौकटीला डाव्या हाताला खडूने एक गोल काढलेला आहे आणि गोलात फुली आहे. आरोग्य पथकाने केलेली ती खूण. या घरात डासांच्या अळ्या सापडल्या, असा तिचा अर्थ. आमच्या गल्लीत अशी खूण एकट्या माझ्या दारावर आहे. बायको दोनदा ओलं फडकं घेऊन उठली, दोन्ही वेळा मी तिला थांबवलं. ज्या गल्लीत प्रत्येक जिन्याखाली पाण्याने भरलेलं उघडं बॅरल उभं आहे, तिथे फुली माझ्या दारावर पडते, आणि तीही एका झाडामुळे, हे मला अजून गिळता आलेलं नाही.

झाड घटपर्णीचं आहे. गल्लीत त्याला मडक्याचं झाड म्हणतात आणि ते नाव वाईट नाही. पान लांबट असतं, पानाच्या टोकातून दोऱ्यासारखी शीर पुढे वाढते, आणि हवा दमट असेल तर त्या शिरेच्या टोकाला एक फुगीर कळी धरते. कळी वाढून बोटभर, वीतभर होते, मग एके सकाळी तिचं झाकण उघडतं. आत चिकटसर रस आधीपासूनच तयार असतो. काठ घसरडा असतो. मुंगी गोडाच्या वासाने काठावर येते, आत पडते, आणि झाड तिला सावकाश जिरवतं. ही झाडं पावसाळी डोंगरांतली, जिथे जमिनीत कस नसतो. मुळांना जे मिळत नाही ते पानांनी मिळवायचं, एवढाच त्यांचा उद्योग. त्यात क्रौर्य कुठे आहे ते मला दिसत नाही. पण घरी येणारा प्रत्येक माणूस पहिला प्रश्न एकच विचारतो, "हे काय काय खातं?" परभणी जिल्ह्यातल्या उन्हाळ्यात, तालुक्याच्या या गावात, पत्र्याच्या शेडखाली हे जगतं कसं, असं आजवर एकानेही विचारलेलं नाही.

आणि विचारून थांबतील तर शपथ. बघू तरी खातंय का, म्हणून मडक्यात कोणी शेंगदाणा टाकला आहे, कोणी शेव. एका लग्नाच्या गडबडीत पाहुणे आले होते, ते गेल्यावर मोठ्या मडक्यात विडीचं थोटूक सापडलं. मी ते चिमट्याने काढलं आणि दिवसभर कोणाशी बोललो नाही. पाहुण्यांना काही म्हणालो का? नाही. मी तसं म्हणणारा माणूस नाही. मी आत जाऊन कुढतो.

कुढण्याबद्दल आणखी एक सांगून टाकतो. या झाडाने मला जितकं सुख दिलं तितकीच रुखरुख दिली. त्याला क्षाराचं पाणी चालत नाही. आमच्या बोअरचं पाणी असं की कूलरच्या गवतावर महिन्याभरात पांढरा थर चढतो. माझं पहिलं झाड त्याच पाण्याने गेलं; कुंडीत मातीऐवजी भरलेल्या शेवाळावर मिठासारखी साय आली आणि पानं कडेने काळी पडली. दुसरं केरळातल्या एका नर्सरीतून मागवलं, त्यातल्या त्यात ऊन सोसणारी जात. त्याच्यासाठी मी पत्र्यावरचं पावसाचं पाणी दोन निळ्या ड्रमांत धरून ठेवू लागलो. ड्रम चैतापर्यंत पुरतात. त्यानंतर ऑफिसात साहेबांच्या एसीची नळी मागच्या भिंतीवर ठिबकत असते, तिच्याखाली मी बाटली लावली. ते पाणी स्वच्छ असतं, क्षार नसतात. संध्याकाळी भरलेली बाटली पिशवीत घालून निघालो की टेबलाटेबलावरून ऐकू यायचं, "चालले बघा, साहेबाचा घाम घेऊन." मीही हसायचो. पण घरी येईपर्यंत मनात चालू व्हायचं, की ते पाणी सरकारी म्हणायचं का, आणि सरकारी असेल तर मी ते घरी नेणं कशात बसतं. शेवटी मी साहेबांना रीतसर विचारलं. ते म्हणाले, "घ्या हो. फाइल करायची का त्याची?"

पाणी घालताना खरी रुखरुख वेगळीच असायची. आमच्या वस्तीत नळ आठ-दहा दिवसांनी येतो. कधी येईल ते कोणी सांगत नाही. आला की घरातलं तांब्या-वाटीपासून टिपाडापर्यंत सगळं भरायचं. अशा गावात मी शेजारणींच्या डोळ्यांदेखत झाडावर फवारा मारतो. एप्रिल-मेमध्ये तर दिवसातून तीनदा. कूलरच्या खिडकीशी कुंडी टांगलेली, चहूबाजूंनी ओलं गोणपाट, वर हिरवी जाळी. ते पाणी पावसाचं आहे, एसीचं आहे, कोणाच्या हंड्यातलं मी घेतलेलं नाही, हे मी मनातल्या मनात इतक्यांदा म्हटलं आहे की मलाच शंका यावी.

शेजारचे मामा मात्र झाडाच्या बाजूचे होते. ते एसटीतून रिटायर झालेले, कंडक्टर. नात्याने कोणी नाहीत, पण आम्ही इथे राहायला आलो तेव्हापासून ते मामा आणि त्या मामी. मामा रोज संध्याकाळी पाच-साडेपाचला शेडमध्ये येऊन खुर्ची ओढायचे आणि विचारायचे, "काय जेवला आज तुमचा पाहुणा?"

"मुंग्या."

"रोज मुंग्याच? कधी भाकरी-पिठलं तरी घाला बिचाऱ्याला."

एकदा ते काडेपेटीत मेलेली माशी घेऊन आले. मी म्हणालो, मामा, त्याला कमी खाल्लेलंच मानवतं. तर म्हणाले, "मग डॉक्टरनं त्यालाबी सांगितलं म्हना." आणि काडेपेटी खिशात ठेवून दिली. पाहुण्यांपैकी माझं ऐकलेला हा एकमेव माणूस.

यंदा श्रावणात पावसाने ओढ दिली. आषाढात चांगला पडला, झाडाला पाच मडकी धरली, मी सुखात होतो, आणि मग एकदम कोरडं पडलं. श्रावणात कूलर पुन्हा लावावा लागला. मडक्यांतला रस आटू लागला. मी ड्रममधलं पाणी ड्रॉपरने मडक्यांत घालू लागलो. रस आटला तर मडकं वाळतं, म्हणून निम्म्यापर्यंत भरून ठेवायचं, असं मी कुठेतरी वाचलं होतं. तीन नव्या मडक्यांत थोडं घातलं. दोन जुनी होती, ती जवळजवळ कोरडीच पडली होती, ती पाण्यानेच भरली.

त्याच दिवसांत मामांना ताप आला. तिसऱ्या दिवशी अंगावर पुरळ, उठवेना. परभणीला दवाखान्यात नेलं तर डेंग्यू निघाला आणि पेशी उतरलेल्या. मी पपईची पानं शोधून रस काढून नेला, कोणी किवी नेलं, कोणी बकरीचं दूध. मामींनी पोखर्णीच्या नरसिंहाला नवस बोलला. रात्री मुलगा थांबायचा. दिवसा मामी तिथे, आणि दोन दिवसांनी एकदा घरी येऊन कपडे धुऊन परत जायच्या.

अशाच एका दुपारी पथक आलं. मी जेवायला घरी आलो होतो. दोन बायका, एकीच्या हातात विजेरी, दुसरीच्या खांद्याला औषधाची बाटली. डेंग्यूचा रुग्ण निघाला की आजूबाजूची घरं तपासायची, साठलेलं पाणी ओतायला लावायचं, आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी कोरडी करून ठेवा म्हणून सांगायचं, असं त्यांचं काम. त्यांच्यावर माझा राग नाही. उन्हात दारोदार फिरणाऱ्या त्या बायकांना शिव्याच जास्त मिळतात.

त्या आधी मामींच्या दारात गेल्या. मामी नेमक्या घरी होत्या, कपड्यांचा ढीग पुढ्यात. आमच्या दोन दारांमध्ये जेमतेम हातभर भिंत, त्यामुळे मला ताटावरून सगळं ऐकू येत होतं.

"मामी, बॅरल वतावं लागतंय. झाकन न्हाई, काही न्हाई."

"कालच भरलंय ताई. नवव्या दिवशी नळ आलाय. माणूस दवाखान्यात हाय माझा, त्याचे कपडे कशात धुऊ?"

"आमाला वरून हुकूम हाय."

"वरून आधी पानी पाठवा म्हनावं. मग हुकूम पाठवा."

मी घास घेता घेता मनात म्हणालो, बरोबर बोलल्या. खरंच बरोबर बोलल्या. दहा दिवसांनी पाणी द्यायचं, म्हणजे लोकांना साठवायला लावायचं, आणि साठवलं की ओता म्हणायचं. हा कसला न्याय? त्या क्षणी मी पूर्णपणे मामींच्या बाजूने होतो. बाहेर जाऊन त्यांच्यासाठी बोलावं असंही मनात आलं. पण उठेपर्यंत पुढचं वाक्य आलं.

"आमच्या बॅरलात काय बघायलात? ह्या भाऊच्या घरात जाऊन बघा. झाडाला मडकी लटकलीत पान्याची. आमचा माणूस रोज तिथंच बसत होता. तिथंच चावलंय त्याला."

विजेरीवाल्या ताईंना एवढं पुरे झालं. बोलता बोलता रडवेल्या झालेल्या त्या बाईचं बॅरल ओतायला लावणं त्यांच्याही जिवावर आलं असणार. त्या वळल्या. बॅरलात उजेडही टाकला नाही.

शेडमध्ये आल्यावर त्या म्हणाल्या, "हे काय हो सर?"

"घटपर्णी. ती मडकी म्हणजे पानंच आहेत. आतला रस तिचा तिचा असतो, किडा पडला की जिरतो. त्यात डास होत नाहीत."

हे मी ठामपणे म्हणालो. ताईंनी एकेका मडक्यात विजेरी धरली. नव्या तीन मडक्यांत बुडालेल्या मुंग्या आणि तळाशी काळा गाळ. मग जुन्या मडक्यात त्या वाकून बघत राहिल्या.

"इकडं या सर. ह्या काय वळवळायल्यात मग?"

मी बघितलं. अळ्याच होत्या. बारीक, वाकड्या, खालीवर होणाऱ्या. दुसऱ्या जुन्या मडक्यातही तेच.

दुसऱ्या ताई म्हणाल्या, "ह्यात गप्पी मासा सोडावा का आता?" आणि दोघी हसल्या. त्यांचं हसणं वाईट नव्हतं, पण तेव्हा माझ्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. त्यांनी बादली मागितली. पाचही मडकी वाकवून ओतली. रस, मुंग्या, गाळ, सगळं. मग प्रत्येक मडक्यात औषधाचे थेंब. मी म्हणालो, "या तिघांत काही नव्हतं, ती तरी राहू द्या." त्या म्हणाल्या, "सर, आता कुठं एकेक निवडत बसता." जाताना चौकटीवर फुली केली आणि सांगितलं, दहा-बारा दिवसांनी पुन्हा तपासायला येऊ, तेव्हा परत अळ्या निघाल्या तर झाड घरातून काढावं लागेल.

मग मला वाटलं, आता त्या पुढच्या घरांत जातील. गेल्या, पण उभ्याउभ्या. मूळ सापडलं होतं ना. मामींचं बॅरल तसंच राहिलं, त्यांच्या पलीकडच्यांचं, समोरच्यांचं, सगळ्यांची राहिली. माझ्या झाडाच्या पाच मडक्यांनी अख्ख्या गल्लीचं पाणी वाचवलं.

संध्याकाळी गल्लीतले चार-पाच जण दारात आले. बसा म्हटलं तर बसले नाहीत.

"ते झाड काढून टाका. लेकराबाळांची गल्ली हाय."

मी म्हणालो, "दोन मडक्यांत होत्या, हे खरं आहे. पण वाटीभर पाणी नसेल ते. तुमची बॅरलं..."

"बॅरलाचं काय काढायलात? पान्याबिगर मानूस जगत न्हाई. झाडाबिगर जगतंय."

दुसरा म्हणाला, "लय उपयोगाचं हाय म्हनत होते ना तुमी? मग डास का खात न्हाई ते?"

मी असं कधीच म्हणालो नव्हतो. लोकांना हे झाड एकाच वेळी खुनी हवं असतं आणि कामाला जुंपलेलंही. डास धरत नाही म्हणून नालायक, मुंगी धरतं म्हणून पापी. बायको मागून पुढे आली. ती या झाडावर माझ्याइतका जीव लावत नाही, उलट गोणपाटाच्या वासाने वैतागलेली असते. पण ती म्हणाली, "झाडाचं आमी बघतो. तुमी आपापल्या जिन्याखालचं बघा. आमच्या ड्रमांना झाकनं हायेत, येऊन बघा हवं तर."

बघायला कोणी आलं नाही. शेवटी तडजोड अशी निघाली की झाड राहिलं तरी चालेल, पण मडक्यांची तोंडं बंद करायची. मी होय म्हणालो. दुसऱ्या दिवशी बायकोने जुनी फाटकी मच्छरदाणी काढून दिली. रुमालाएवढा तुकडा कापून मी त्याचे पाच बारके तुकडे केले आणि प्रत्येक मडक्याच्या तोंडाला दोऱ्याने बांधले. दोन जुनी मडकी तोवर झाकणापासून तपकिरी पडायला लागली होती. तरीही बांधली, कारण ठरलं होतं.

किड्यांवर जगणाऱ्या झाडाच्या तोंडाला मच्छरदाणी. मी ते बांधून मागे सरकून बघितलं तेव्हा मला स्वतःची इतकी चीड आली की हातातली कात्री मी जमिनीवर आपटली. गल्लीत पाण्याच्या भांड्यांची तोंडं झाकलेलं घर आधीच माझं एकट्याचं होतं, आणि आता झाडाचीही तोंडं झाकली होती. सगळी उघडी बॅरलं तशीच डासांना मोकळी.

त्या अळ्या मात्र डोळ्यांपुढून जाईनात. नव्या मडक्यांत एकही नव्हती. झाडाच्या दाट रसात त्या जगल्या नसत्या असं मला वाटतं. पुरतं शास्त्र मला ठाऊक नाही. पण ज्या दोन मडक्यांत झाडाचा रस उरलाच नव्हता आणि मी ड्रॉपरने नुसतं पाणी भरलं होतं, त्यांतच त्या होत्या. म्हणजे ते पाणी झाडाचं नव्हतं, माझं होतं. उघडं बॅरल ठेवणाऱ्यात आणि माझ्यात फरक मापाचा, एवढंच. मामा रोज त्या दोन मडक्यांपासून हातभर अंतरावर बसायचे. त्यांना चावलेला डास माझ्या मडक्यातला होता की त्यांच्या जिन्याखालचा, हे कोणालाच कधी कळणार नाही. पण हे न सांगता गल्लीवर रागावणं मला जमेना. राग खरा होता, पण त्याला खाली आधार नव्हता.

त्यात कळलं की मामांच्या पेशी वाढल्या, दोन दिवसांत घरी सोडणार. घरी म्हणजे त्याच बॅरलाशेजारी, कारण त्यांची खाट जिन्याजवळच्या खोलीत. तेव्हा मी मामींकडे गेलो. त्या दळण निवडत होत्या. मला बघून सूप बाजूला ठेवलं नाही.

मी म्हणालो, "मामी, त्या दोन मडक्यांतल्या अळ्या माझ्यामुळे झाल्या. मी वरून पाणी घातलं होतं. झाडाचा दोष नव्हता, माझा होता. हे तुम्हाला सांगायचं होतं."

"म्हंजे तुमीच."

"दोन मडक्यांपुरतं तरी मीच."

"मग आता काय करू मी? हार घालू?"

"नाही. पण तुमच्या बॅरलात एकदा बघू द्या."

सूप थांबलं. "असं व्हय. माफी मागायला आले म्हनलं, तर झडती घ्यायला आलेत."

"मामा परवा घरी येणार म्हणून म्हणतो."

"माझा मानूस हाय तो. त्याची फिकीर तुमी मला शिकवू नका भाऊ. आन त्यातलं पानी वतलं तर नळ कधी येनार हाय ते तुमी सांगनार का?"

ते गावात कोणीच सांगू शकत नाही. मी उठून आलो. त्यांनी पाणी का लपवलं ते मला पूर्ण समजत होतं आणि तरी मला त्यांचा संताप येत होता. पाण्यासाठी त्यांनी माझ्या झाडाकडे बोट दाखवलं. मीही झाडासाठी माझं पाणी लपवलंच असतं, ताईंनी विजेरी लावली नसती तर.

मामा घरी आले ते निम्मे होऊन. मनगटावर सुईचे निळे डाग, शर्ट खुंटीवर लटकवल्यासारखा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भिंत धरत धरत शेडमध्ये आले. मामी मागून, "कशाला जायलाव तिकडं, अजून पाय थरथरायलेत," म्हणत. मामांनी खुर्ची ओढली. झाडाकडे बघितलं आणि बघतच राहिले.

"ह्याला उपास धरायला लावला का काय?"

मी म्हणालो, "गल्लीचा ठराव आहे."

"श्रावण संपत आला, आता तरी सोडा म्हनावं." मग मामींकडे वळून, "कुनी बांधायला लावलं हे?"

मी सगळं सांगितलं. अळ्यांचं, माझ्या पाण्याचं, फुलीचं; फक्त मामींनी बोट दाखवल्याचं तेवढं गाळलं. ते मामींनी स्वतःच सांगितलं. "मीच म्हनले. मग काय करू? कालचंच पानी होतं. तुमचे कपडे रक्तानं, उलटीनं भरलेले."

मामांनी पुन्हा एकदा मडक्यांच्या बांधलेल्या तोंडांकडे बघितलं. मग म्हणाले, "ती उरलेली मच्छरदानी कुठंय?"

बायकोने आणून दिली. एवढी मोठी मच्छरदाणी, तिचा रुमालाएवढाच तुकडा गेला होता. मामा तिथून हलले नाहीत, बसल्या जागेवरून मामींना म्हणाले, "जा, आपल्या बॅरलाला बांध. वतू नको. आधी दुसऱ्या भांड्यात गाळून घे, बॅरल घास, मग परत भरून बांध. आन काय निघतंय ते मला येऊन सांग."

मामी गेल्या. बायको त्यांच्या मदतीला गेली. बऱ्याच वेळाने बायको एकटी परत आली. तिने गाळलेलं फडकं मामांपुढे उलगडून धरलं. मी फडक्याचं वर्णन करत नाही. मामा म्हणाले, "झाका." आणि माझ्याकडे न बघता, "भाऊ, सोडा त्या पाहुन्याला."

मी तीन मडक्यांची तोंडं सोडली. दोन जुनी देठापासून कापून टाकली. त्या दिवसानंतर एक थेंबही वरून घातला नाही. पाणी फक्त शेवाळाला. मडक्यात रस धरायचा तर झाड धरेल, नाही तर मडकं वाळेल. ऑफिसला जाण्याआधी मी रोज विजेरी घेऊन तिन्हींत बघत होतो. रस धरला, थोडा, पण दाट. नव्या पानाच्या टोकाला एक कळीही आली. झाड राहणार की जाणार हे आता त्या तीन मडक्यांवर होतं.

बाकी गल्लीत कोणी काही बांधलं नाही. मी दोन घरी सांगून बघितलं. एकाने विचारलं, "तुमच्या झाडाची काळजी वाटायली का आमची?" मी खरं तेच सांगितलं, की दोन्हींची. तो हसला आणि आत गेला.

ताई परत आल्या. थेट माझ्या दारात. विजेरी धरून तिन्ही मडक्यांत बघितलं, काडीने ढवळलं, कुंडीखालची थाळी बघितली, ड्रमची झाकणं उघडली. काही नव्हतं. "बरं हाय सर. राहू द्या झाड." पदराने चौकटीवरची खूण पुसायला त्यांनी हात उचलला.

मी विचारलं, "आता पुढे कोणाकडे?"

"कुनाकडं न्हाई. खूण असलेलीच घरं परत बघायची असतात. ह्या गल्लीत तुमचं एकच हाय."

"मग पुसू नका."

"आँ?"

"ही खूण असेल तर तुम्ही या गल्लीत याल. नसेल तर येणार नाही. पुसू नका. आणि आलाच आहात तर पलीकडच्या चार जिन्यांखाली विजेरी धरा. मी येतो बरोबर."

त्या म्हणाल्या, कागदावर नाही. मी म्हणालो, दोन मिनिटं. मला माझाच आवाज ओळखू येईना. आयुष्यात मी ऑफिसात कोणाला एवढं मोठ्याने बोललेलो नाही. शेजारच्या ओट्यावरून मामांचा बारीक आवाज आला, "जा की ताई. हापिसातला बाबू चिडलाय, म्हंजे कायतरी असंल."

त्या एका घरी आल्या. समोरच्या. तिथल्या माणसाने दार निम्मं उघडून सांगितलं, "आमच्याकडं झाड न्हाई," आणि लावून घेतलं. ताईंनी माझ्याकडे बघितलं, पिशवी खांद्यावर चढवली आणि पुढच्या वस्तीकडे गेल्या.

खूण अजून आहे. येणारा-जाणारा तिच्याकडे बघून डासांचं घर म्हणतो. म्हणू दे. झाडाला आता चार मडकी आहेत, चारही उघडी. मामींच्या बॅरलावर मच्छरदाणी ताणून बांधलेली आहे. आमच्याशी त्या अजून मोजकंच बोलतात. मामा मात्र साडेपाचला येतात, खुर्ची ओढतात, आणि पाहुण्याची चौकशी करण्याआधी समोरच्या जिन्याखालच्या उघड्या बॅरलाकडे बोट करून विचारतात, "त्यांचं झालं का आज काही?"

मी नाही म्हणतो.